मदत हवी आहे: बायबलच्या लेवीय पुस्तकातल्या २२:२३ मधलं अधू जनावर वेदीवर अर्पायला चालतं का?

लेवीय २२:२१ प्रमाणे नवसाचं असो वा स्वखुशीचं, शांत्यर्पणाचं (देवाशी सख्य म्हणून द्यायच्या बलीचं) जनावर निर्दोषच हवं. पुढे २३व्या ओळीत मात्र अवयव लांब किंवा आखूड असलेला बैल-मेंढरू स्वखुशीने दिलेला चालतो, नवसाला नाही!

राशी या मध्ययुगीन ज्यू भाष्यकाराची टीका (भाष्य) पाहिली. तो म्हणतो, हे दान यरुशलेमच्या मंदिराच्या डागडुजीसाठी, वेदीसाठी नव्हे. पण ओळीत डागडुजीचं नावही नाही, त्यामुळे मला हे जरा ओढूनताणून वाटतं. मिश्ना या जुन्या ज्यू नियमसंग्रहातलं बेखोरोथ हे प्रकरणही चाळलं. सहाव्या अध्यायात दोषांची लांबलचक यादी आहे, पण ती प्रथमजात जनावरांची.

पक्ष्यांचे नियम वेगळे, ते नकोत. हिब्रू येत नाही, मराठी-इंग्रजी चालेल.

असं जनावर खरोखर वेदीवर चालतं, असं कुणा ज्यू टीकाकाराने म्हटलंय का? कुठे?