पावसाळ्यात कुंडीतली कोथिंबीर कोलमडते, रोझमेरी तर गेलीच

पाचवा_मजला
नमस्कार मंडळी. ठाण्यात राहते, पाचवा मजला, पश्चिमेच्या खिडकीला ग्रील आहे आणि तेवढीच काय ती माझी शेती. मे महिन्यात उत्साहाच्या भरात नर्सरीतून रोझमेरी आणि थाइम आणलं, नर्सरीवाला म्हणाला ताई काही करावं लागत नाही, रोज पाणी घाला की झालं. घातलं. जून संपता संपता रोझमेरी काळी पडायला लागली, थाइम मधूनच सडलं, उपटलं तर मुळं चिखलासारखी हातात आली. कोथिंबीर तीनदा पेरली, धणे चपलेखाली रगडून, रात्रभर भिजवून, सगळं आईने सांगितलं तस्सं. उगवते छान, दोन बोटं होते आणि एका सकाळी बघावं तर बुडाशी दोऱ्यासारखी बारीक होऊन आडवी. पुदिना जिवंत आहे पण नुसत्या लांबच लांब दांड्या आणि पानं हरभऱ्याच्या डाळीएवढी. गवती चहा मात्र माजलाय. माती नर्सरीतलीच लाल, कुंड्या प्लास्टिकच्या, खाली ताटल्या. सासूबाई म्हणतात तुझ्या हाताला गुण नाही, पण मग चहा कसा येतो? नेमकं काय चुकतंय? आणि पास्ताबिस्तात घालायला काहीतरी हवंच, लेक ऐकत नाही.

खळ्यातली
अगं हाताचा काही दोष नाही, महिना चुकलाय. आम्ही दापोलीकडचे, आई पावसात उघड्यावर कोथिंबीर पेरायचीच नाही, नवरात्र झालं की वाफा करायची आणि मग माघापर्यंत विकत आणायची गरज नाही. तुझी रोपं आडवी पडतात ती मर, बुरशी असते मातीतली, ओल जास्त आणि वारा नाही की बुडाला धरते. एकदा धरली की औषधबिवषध काही नाही, त्या मातीत पुन्हा पेरू नकोस. एवढीच हौस असेल तर ग्रीलमध्ये नको, खिडकीच्या आत जिथे उजेड येतो पण पाऊस लागत नाही तिथे पसरट डब्यात पेर, दाट पेरू नकोस आणि पाणी सकाळीच दे, संध्याकाळी नाही. आणि धणे नवे घे, वर्षभर बरणीत पडलेले नकोत. रगडताना दोन फाकी झाल्या की पुरे, भुगा करायचा नाही. (माझ्या जावेने एकदा मुखवासातली धणाडाळ पेरली होती आणि आठ दिवस वाट बघत होती. भाजलेली असते ती.)

थाइमच्या जागी पानओवा लाव ना. तोच तो, जाड मऊ पानांचा, ज्याची भजी करतो. बोटभर फांदी मोडून मातीत खोचली की झालं, पावसात मरत नाही, उन्हात मरत नाही. वास थाइम आणि ओरेगॅनोच्या मधलाच, पिझ्झावर चिरून टाक, लेकीला कळणारही नाही. फक्त कमी घाल, पान जाड असल्यामुळे तोंडात येतं.

कुंडीबाज
ताई, महिना वगैरे ठीक आहे पण खरा गुन्हेगार ती लाल माती आहे. नर्सरीवाले पिशवीत भरतात कारण ती पिशवी फुटली तरी गोळा सुटत नाही, कुंडीत मात्र चार पावसात तिची वीट होते, वरून पाणी साचतं आणि आत हवा नाही. ताटल्या आजच्या आज काढा, मुळं पाण्यात उभी आहेत तुमची. प्रत्येक कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा उलटा ठेवा, मग एक भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळ खत. पुदिन्याला हे चालेल. रोझमेरीला हे पण जास्त होईल, तिला अर्धी जाड वाळू, नदीची, चाळून बारीक काढून टाकलेली, मातीचीच कुंडी, आणि बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच पाणी. माझी रोझमेरी गच्चीवर तीन वर्षं आहे.

पुदिन्याच्या दांड्या कापायला हात आखडू नका. दोन बोटं ठेवून सगळा छाटा, पसरट कुंडीत हलवा, तीन-चार तास ऊन मिळेल असं बघा. छाटलेल्या दांड्या पेल्यात पाण्यात ठेवल्या की आठवड्यात मुळं येतात. मंडईतल्या जुडीतूनसुद्धा येतो, रोप विकत घ्यायची काही गरज नाही.

खळ्यातली
कुंडीबाज, गच्ची कुठली? पुण्यातली ना? मग बोलायलाच नको. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस, ठाण्यात अडीच हजाराच्या आसपास, आणि वर हवा अशी की पापड वाळत नाहीत. रोझमेरीचं झाड भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या डोंगरातलं, त्याला आपल्या जुलैत किती वाळू घातली तरी मुळांपेक्षा पानांनाच दमटपणा लागतो. आणि कोकोपीट पावसात स्पंजसारखं ओलं राहतं, मी पावसाळ्यात घालतच नाही, भाताचं तूस घालते.

कुंडीबाज
पुण्यातलीच. मुद्दा मान्य. तूस मात्र आम्हाला इथे शोधत फिरावं लागतं हो.

विषुववृत्ताजवळ
सिंगापूरहून लिहितोय. इथे नवरात्रानंतरसुद्धा थंडी नाही, बारा महिने दुपारी ३१-३२ आणि पाऊस, त्यामुळे कोथिंबिरीशी आमचं वर्षभराचं भांडण. महिन्याभरात फुलावर येते. शेवटी एका व्हिएतनामी शेजारणीने लांब पानांची कोथिंबीर दिली, त्यांच्या फो सूपमध्ये असते ती. दिसायला कोथिंबिरीसारखी अजिबात नाही, मुळ्याच्या रोपासारखी जमिनीसरशी पानं आणि कडेला करवतीचे दात, पण वास आपल्या कोथिंबिरीच्या दुप्पट. आपल्याकडे ईशान्येत वापरतात, केरळात आफ्रिकन मल्ली म्हणतात. तिला सावली आणि ओल दोन्ही आवडतात, म्हणजे तुमच्या खिडकीला जे काही वाईट आहे ते तिला चांगलं. बी धुळीएवढं बारीक आणि उगवायला तीन आठवडेसुद्धा घेतं, त्यामुळे रोपच मिळवा. मधून काटेरी तुरा आला की लगेच खुडायचा, नाहीतर पानं राठ होतात. आमटीत शिजवली तरी वास जात नाही, चटणीला मात्र निम्मीच घ्या. पोह्यांवर पेरायला बरी नाही लागत, तिथे माझी बायको अजून उसासे टाकते.

बेसिलसाठी फालुद्यातला सब्जा पेरा. बेसिलचंच बी ते. मातीवर नुसतं भुरभुरायचं, गाडायचं नाही, आठवड्यात उगवतं. इटालियनपेक्षा जरा उग्र पण पास्त्याला चालतं, थाई करीला तर जास्तच चालतं. मंजिरी दिसली की खुडत राहा.

आणि ताटल्यांबद्दल कुंडीबाजांना अनुमोदन, कारण वेगळं. इथे कुंडीखाली साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या सापडल्या तर दंड होतो. डेंगीचा डास असल्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

पाचवा_मजला
सगळ्यांचे आभार. ताटल्या काढल्या, दोघींत खरंच अळ्या होत्या, अंगावर काटा आला. पुदिना छाटला, बघवत नव्हतं पण छाटला. सब्जा पेरला, चौथ्या दिवशी हिरवे ठिपके दिसतायत. रोझमेरीच्या कुंडीत आता काय लावू? आणि पानओव्याचं रोप कुठल्या नर्सरीत मिळेल, तीन ठिकाणी विचारलं, सगळे ओव्याचं बी दाखवतात.

खळ्यातली
पानओवा विकत घ्यायचा नसतो गं. सोसायटीत खाली चक्कर मार, कुणाच्या तरी कुंडीतून बाहेर लोंबत असेल. विचारून एक फांदी मोड आणि त्याच रोझमेरीच्या कुंडीत खोच, माती तेवढी बदल.