डोपिंगचा तपास सरकारने करावा का? निवेदनातल्या एका कलमावर मत हवं

सीताबर्डीकर

डिसेंबरात अधिवेशन नागपुरात भरतं, तेव्हा क्रीडा क्षेत्रातल्या मागण्यांचं निवेदन द्यायचं इथल्या काही क्लबांचं ठरलं आहे. मसुद्यात एक कलम असं आहे: "उत्तेजक द्रव्य घेणाऱ्या खेळाडूंवर पोलिसांनी गुन्हा नोंदवून तपास करावा." अर्ध्या लोकांना हे हवंच आहे. उरलेले म्हणतात, हे नाडाचं (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचं) काम, सरकारने पडू नये. शिवाय लीगमधला खेळाडू खासगी मालकाचे पैसे घेतो, त्याने काय टोचून घेतलं याच्याशी सरकारला काय करायचं, असाही सवाल आला.

सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत नाडाचं पथक आल्याचं कळताच खेळाडू पसार झाले, 100 मीटरच्या अंतिम फेरीत एकच जण धावला आणि स्वच्छतागृहातल्या सिरिंजांचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. त्या सिरिंज तिथं कोणी पोचवल्या, हे शोधणं नेमकं कोणाचं काम? कायदा आणि प्रत्यक्ष व्यवहार, दोन्ही माहीत असलेल्यांनी सांगावं.

कोर्टरोड

कलम आहे तसं दिलं तर विधी विभाग पहिल्याच वाचनात बाजूला ठेवेल.

भारतात उत्तेजक घेणं हा फौजदारी गुन्हा नाही. 2022 चा राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा नाडाला वैधानिक दर्जा आणि झडती-जप्तीचे अधिकार देतो, शिस्तपालन आणि अपील समित्यांची तरतूद करतो. पण शिक्षा म्हणजे बंदी, निकाल रद्द, पदक आणि बक्षीस परत. तुरुंग कुठंच नाही. स्टेरॉइड "एनडीपीएस"मध्ये, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, येतं असा मैदानावर सर्रास समज आहे, तोही चुकीचा.

स्टेरॉइड मोडतं शेड्यूल एचमध्ये. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. विनापरवाना साठवून विकलं तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 च्या कलम 27 खाली किमान तीन आणि कमाल पाच वर्षं शिक्षा आहे. मात्र इथंच निवेदनवाल्यांची गल्लत होऊन राहिली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं की या कायद्याच्या चौथ्या प्रकरणातल्या गुन्ह्यांवर पोलिसांना एफआयआर नोंदवता येत नाही. तपास आणि फिर्याद औषध निरीक्षकाची, म्हणजे एफडीएची (अन्न व औषध प्रशासनाची). तुम्ही पोलीस ठाण्यावर मोर्चा न्याल, ठाणेदार गुन्हा नोंदवेल आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात तो रद्द होईल. पोलिसांकडे भारतीय न्याय संहिता उरते: इजा करण्याच्या हेतूने किंवा इजा होईल हे माहीत असून अपायकारक औषध देणं (कलम 123, दहा वर्षांपर्यंत) आणि फसवणूक (कलम 318). प्रशिक्षकाने "व्हिटॅमिन आहे" म्हणून पोराला सुई दिली असेल, तर ही कलमं विचारात घेण्यासारखी आहेत.

आता खेळाडूला आरोपी करू नये असं का म्हणतो ते बघा. नाडाच्या नियमांत नमुना द्यायला नकार देणं हेच स्वतंत्र उल्लंघन आहे, त्याला चार वर्षांपर्यंत बंदी. चौकशीत खरं बोलून मदत केली तर सवलत. उलट फौजदारी आरोपीला घटनेच्या कलम 20(3) नुसार स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क आहे. एकाच माणसाला दोन्हीकडे उभं केलं की त्याचा वकील सगळ्यात आधी सांगणार, नाडापुढे तोंड उघडू नको. औषध कोणी दिलं हे सांगू शकणारा बहुधा तो एकटाच असतो, आणि तोच गप्प बसला तर पुरवठादार सुटला.

चौथी_लेन

वरच्या प्रतिसादाशी सहमत. पण "सरकारने पडू नये" म्हणणाऱ्यांना एक विचारायचं आहे: प्रयोगशाळेने स्वतःच्या बळावर पकडलेलं एखादं मोठं जाळं सांगा.

1998 ची टूर डी फ्रान्स सायकल शर्यत फ्रेंच सीमाशुल्क अधिकाऱ्यांमुळे उघडी पडली. फेस्टिना संघाची गाडी बेल्जियमच्या सीमेवर अडवली, डिकीत ईपीओ या रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणाऱ्या औषधाचा साठा निघाला. त्या काळी ईपीओची मान्य चाचणीच नव्हती, त्यामुळे कितीही लघवी तपासली असती तरी काही सापडलं नसतं. 2003 चं बाल्को या अमेरिकी कंपनीचं प्रकरणही तसंच. टीएचजी हे स्टेरॉइड बनवलंच होतं तेव्हाच्या चाचणीत दिसू नये म्हणून. एका प्रशिक्षकाने वापरलेली सिरिंज गुपचूप अमेरिकी संस्थेकडे पाठवली, लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेने तिच्यातल्या अवशेषावरून रेणू ओळखला आणि मग चाचणी तयार झाली. दुसऱ्या बाजूने आयकर खात्याचे तपासनीस कंपनीचा कचरा आणि बँक खाती चाळत होते. त्यातली धावपटू मॅरियन जोन्स हिला 2008 मध्ये सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला, तो संघराज्याच्या तपासनीसांशी खोटं बोलल्याबद्दल.

जर्मनीने डिसेंबर 2015 मध्ये डोपिंगला गुन्हा ठरवणारा कायदा केला. फेब्रुवारी 2019 मध्ये ऑस्ट्रियातल्या झेफेल्ड इथं जागतिक स्की स्पर्धा चालू असताना पोलिसांनी धाड टाकली, तेव्हा एका स्कीपटूच्या हातात रक्त चढवायची सुई तशीच होती. या जाळ्यामागच्या, जर्मनीतल्या एअरफुर्टच्या डॉक्टरला जानेवारी 2021 मध्ये चार वर्षं दहा महिने शिक्षा झाली. या तपासाची सुरुवात झाली एका खेळाडूच्या टीव्हीवरच्या कबुलीने.

कायदा अपुरा असला तर काय होतं, ते स्पेनमध्ये दिसलं. 2006 च्या "पुएर्तो" तपासात पोलिसांना डॉ. फुएन्तेसकडे रक्ताच्या दोनशेहून अधिक पिशव्या मिळाल्या. पण तेव्हा तिथं डोपिंग हा गुन्हाच नव्हता, म्हणून सार्वजनिक आरोग्याचं कलम लावलं. 2013 मध्ये न्यायाधीशांनी पिशव्या नष्ट करायचा आदेश दिला. 2016 मध्ये अपिलात डॉक्टर निर्दोष सुटले, कारण रक्त हे त्या कायद्यातल्या "औषधा"त बसत नाही असं ठरलं. पिशव्या अखेर क्रीडा संस्थांना मिळाल्या, पण उत्तेजकविरोधी कारवाईची दहा वर्षांची मुदत तोवर संपून गेली होती.

म्हणून मला अमेरिकेचा 2020 चा रॉडचेन्कोव्ह कायदा सगळ्यात विचारपूर्वक केलेला वाटतो. कट रचणाऱ्याला, पुरवणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत तुरुंग, पण खेळाडूवर त्या कायद्याखाली खटला नाही. त्यातली उणीव एवढीच की तो मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांपुरता आहे, बेसबॉल-बास्केटबॉलच्या लीग बाहेर राहिल्या.

खासगी पैशाचं म्हणाल तर सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगच्या संघाचा प्रायोजक अमेरिकेचं टपाल खातं होतं. त्याच धाग्यावर सरकार दाव्यात उतरलं आणि 2018 मध्ये त्याने 50 लाख डॉलर भरून तडजोड केली. आपल्याकडे तर धागा आणखी सरळ आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. राज्य स्पर्धेतलं पदक थेट नोकरीपर्यंत पोचत असेल, तर त्या पदकामागची सुई हा जनतेच्या पैशाचाच विषय आहे.

नमुना_कक्ष

निवेदनात एक ओळ ठळक घाला: पोलीस किंवा एफडीए कोणीही खेळाडूच्या लघवीला किंवा रक्ताला हात लावणार नाही.

हे अधिकारांचं भांडण नाही, पद्धतीच तशी आहे. खेळाडूला सूचना मिळाल्या क्षणापासून पथकाचा सोबती त्याला नजरेआड होऊ देत नाही. नमुना देताना त्याच्याच लिंगाच्या माणसाला समोर उभं राहून बघावं लागतं. किमान 90 मिली लागतात. किट खेळाडू स्वतः निवडतो, बाटल्या स्वतः भरतो: आधी ब बाटलीत 30 मिली, मग अ बाटलीत 60, उरलेलं आधी अ मध्ये आणि मग ब मध्ये. थोडं भांड्यात ठेवायचं, विशिष्ट गुरुत्व बघायला. ते मर्यादेच्या (साधारण 1.005) खाली आलं, म्हणजे पाणी ढोसून लघवी पातळ झाली असेल, तर पुन्हा नमुना. झाकण दातेरी, एकदा बसलं की फोडल्याशिवाय निघत नाही. बाटलीवरचा क्रमांक अर्जावर एका आकड्याने चुकला तरी समितीपुढे प्रकरण लटकतं. अ पॉझिटिव्ह आला तर ब फोडताना हजर राहायचा हक्क खेळाडूला असतो. आणि तपासणी वाडाने (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने) मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच व्हावी लागते, आपल्याकडे ती दिल्लीची राष्ट्रीय डोप चाचणी प्रयोगशाळा, एनडीटीएल. तिचीही मान्यता ऑगस्ट 2019 मध्ये निलंबित झाली होती, डिसेंबर 2021 मध्ये परत मिळाली. नागपूरच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत व्हायलमध्ये (औषधाच्या कुपीत) काय आहे ते निघेल, पण तिथल्या लघवीच्या अहवालावर कोणावर बंदी येणार नाही.

चाचण्यांची मर्यादाही मान्य करतो. 2023 मध्ये नाडाच्या 5606 नमुन्यांपैकी 213 पॉझिटिव्ह निघाले. या पॉझिटिव्ह खेळाडूंना माल देणारे किती जण कोर्टापर्यंत गेले, हा खरा प्रश्न आहे.

सीताबर्डीकर

कोर्टरोड सर, चौथी_लेन भाऊ, आभार. कलम बदलावं लागेल हे पटलं. एक व्यवहारातलं विचारतो. समजा पालकाला पोराच्या बॅगेत अर्धी वापरलेली व्हायल सापडली. त्यांनी काय करायचं? बहुतेक लोक घाबरून फेकून देतात.

फॉर्म_सतरा

फेकू नका आणि सुईने पुन्हा टोचूही नका. झाकण वर राहील अशी उभी ठेवा, पिशवीत घालून फ्रिजमध्ये, आणि लेबलचे चारही बाजूंनी फोटो काढा.

आता लेबल वाचा. भारतात बनलेल्या औषधावर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, उत्पादन आणि मुदत संपण्याची तारीख, किंमत असते. चिठ्ठीच्या औषधावर आरएक्स चिन्ह आणि शेड्यूल एचची सूचना असते. आयात मालावर आयात परवाना क्रमांक हवा. व्हायलवर परदेशी नाव, चकचकीत होलोग्राम, पण परवाना क्रमांक कुठंच नाही, असं असेल तर तो माल कायदेशीर दुकानातून आलेलाच नाही. बॅच क्रमांक असेल तर तपासाला दोरी मिळते: उत्पादक ते ठोक विक्रेता, ठोक ते किरकोळ, प्रत्येक टप्प्यावर बिलात बॅच लिहावीच लागते. ठोक विक्रेत्याच्या बिलावरून ती बॅच कोणत्या मेडिकलला गेली हे औषध निरीक्षकाला काढता येतं.

पण हेही समजून घ्या, टोचलेली एकटी व्हायल खटल्यात कायदेशीर "नमुना" म्हणून चालत नाही. निरीक्षक नमुना घेतो तेव्हा फॉर्म 17 ची सूचना देऊन चार भाग करतो: एक ज्याच्याकडून घेतला त्याला, एक शासकीय विश्लेषकाला, एक न्यायालयासाठी, एक उत्पादकासाठी. अहवालाला आव्हान द्यायला 28 दिवस असतात. सुई गेलेल्या व्हायलमध्ये मागाहून काही मिसळलं नाही, हे कोण सिद्ध करणार? तिचा उपयोग धाड कुठं टाकायची हे कळायला. म्हणून तक्रारीत तारीख, कोणी दिली, किती रुपये, कोणत्या खात्यावर, एवढं लिहाच. व्हॉट्सअॅपचे संदेश पुसू नका. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र आणि हॅश (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संगणकी संकेतांक) लागतो, त्यासाठी मूळ फोन जपावा लागतो.

दुसरी बाजूही सांगणं माझं काम आहे. सगळे पॉझिटिव्ह चोर नसतात. टर्ब्युटालिन हे खोकल्याच्या साध्या सिरपमध्ये असतं आणि ते कायम बंदी यादीत आहे. 2019 मध्ये पृथ्वी शॉवर त्यानेच आठ महिन्यांची बंदी आली. सांध्यात घेतलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन 2022 पासून स्पर्धाकाळात बंद, ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक 2024 पासून. अशा पोरांच्या घरी पोलीस गेले तर पुढच्या वेळी पालक डॉक्टरकडेच न्यायचे नाहीत.

जुना_गोळाफेक

सरकारवर एवढा भरवसा ठेवताना सोचीचं 2014 चं हिवाळी ऑलिंपिक आठवा. रशियात नमुने बदलण्यात गुप्तचर खातंच सामील होतं, प्रयोगशाळेच्या भिंतीला भोक पाडून बाटल्या पलीकडे जात होत्या. 2016 च्या मॅकलॅरन अहवालात ते सगळं आहे. आपल्याही 2022 च्या कायद्यातल्या बोर्डाच्या नाडावरच्या देखरेखीवर वाडाने आक्षेप घेतला, म्हणून 2025 मध्ये दुरुस्ती करून नाडाची आणि अपील समितीची स्वायत्तता लिहून द्यावी लागली. पदक सरकारला हवं, प्रशिक्षक सरकारी पगारावर, आणि तपासही सरकारचा, यात बळी ठरलेल्या पोरासाठी उभं कोण राहणार? तपास औषधाचा करा, हरकत नाही. पण कोणत्या खेळाडूची चाचणी कधी घ्यायची, यात मंत्रालयाचा एक शब्दही नको.

सीताबर्डीकर

सगळं धरून नवं कलम: "उत्तेजक द्रव्यांचा बेकायदा साठा, विक्री व पुरवठा याचा तपास अन्न व औषध प्रशासनाने करावा, अपायकारक औषध देणाऱ्या प्रशिक्षक, डॉक्टर वा मध्यस्थावर पोलिसांनी न्याय संहितेखाली कारवाई करावी, खेळाडूचा नमुना व बंदी हा विषय पूर्णपणे नाडाकडे राहावा, पुरवठादाराची माहिती देणाऱ्या खेळाडूवर फौजदारी कारवाई करू नये." काही सुटलंय का?

कोर्टरोड

एक सुटलं. सोळा वर्षांखालचा खेळाडू सापडला तर वाडाच्या संहितेप्रमाणे त्याच्या प्रशिक्षक-डॉक्टरची चौकशी आपोआप लागते. तिथंच जोडा: "अशी चौकशी सुरू होताच नाडाने त्याच दिवशी संबंधित जिल्ह्याच्या औषध निरीक्षकास लेखी कळवावे." "त्याच दिवशी" हे शब्द काढू देऊ नका. नाहीतर पत्र दिल्लीहून इथं येईपर्यंत दुकानातला माल हललेला असतो.