मदत हवी आहे: राउटरचा छोटा बोर्ड सारखा रीस्टार्ट होतोय

तारांबळ (शुक्रवार, रात्री ११:२०)
तीन रात्री गेल्या यात. वायफाय राउटरचा नुसता बोर्ड आणलाय, डबा-बिबा नाही. पॉवर दिली की स्क्रीनवर अक्षरं पळतात आणि मधेच परत पहिल्यापासून सुरू. व्होल्टेज बरोबर आहे, मीटरने बघितलंय. बोर्ड गेलाय का एवढंच सांगा. रविवारी लागणार आहे.

सोल्डर_सदाशिव
कुठली चिप? किती व्होल्ट? पॉवर कुठून देताय? का आम्हाला स्वप्न पडणार?

तारांबळ
चिप एआर९३३१. ३.३ व्होल्ट लागतात, तेवढेच देतोय. म्हटलं ना, बरोबर आहे.

कोथरूडचे_नाना
१२ व्होल्टचा अडॅप्टर घ्या, पुढे ७८०५ रेग्युलेटर लावा, विषय संपला. तपकीर गल्लीत कुठल्याही दुकानात मिळेल. हीटसिंक विसरू नका.

सोल्डर_सदाशिव
नाना, ७८०५ पाच व्होल्ट देतो. त्यांना ३.३ हवेत. बोर्ड अजून गेला नसेल तर तुमच्या सल्ल्याने जाईल. शिवाय बारातून पाच करताना अर्ध्या अँपिअरला साडेतीन वॉट नुसते तापण्यात जातात.

कोथरूडचे_नाना
तापू दे की. माझ्या रेडिओत एक वीस वर्षं तापतोय.

धायरी_फाटा
मी असतो तर लिथियमचा १८६५० सेल थेट लावला असता. गुरुवारी लाईट गेली तरी चालू. एका सेलवर माझा कंदील दिवाळीभर चालला.

सोल्डर_सदाशिव
भरलेला सेल ४.२ व्होल्ट असतो. कंदिलाला चालतं, याला नाही. @तारांबळ, कृपया करू नका.

हडपसर_लोकल
हे लागणार कशाला आहे पण?

तारांबळ
गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते खाली मोबाईलवर बघायला. सोसायटीची मीटिंग आहे रविवारी, तिथे दाखवतो म्हणून बसलोय.

हडपसर_लोकल
त्याला राउटर कशाला? ईएसपी३२ चा वायफायवाला छोटा बोर्ड घ्या, स्वस्तात होईल.

तारांबळ
बोर्ड आणून झालाय हो.

कोथरूडचे_नाना
टाकीत पाणी असेल तर पातळी दिसणार ना! आमच्याकडे सकाळी दोन तास येतं, तेही करंगळीएवढ्या धारेने. खडकवासला भरलं काय न् नाही काय, नळाला त्याचा पत्ता नसतो.

धायरी_फाटा
नाना, तुम्हाला नळाला तरी येतं. आम्ही टँकरवाल्याला नावाने ओळखतो.

तीन_वायरी
पाण्याचा धागा वेगळा काढा. @तारांबळ, दोन प्रश्न. मीटर लावलं तेव्हा बोर्ड जोडलेला होता का? आणि ते ३.३ नक्की कुठून येतात?

तारांबळ
यूएसबी-टीटीएलच्या, म्हणजे बोर्ड कॉम्प्युटरला जोडायच्या कन्व्हर्टरच्या, ३.३ च्या पिनेवरून. अक्षरं बघायला ते लावलेलंच आहे, त्यावर पिन आयतीच होती. मीटर बोर्ड काढून लावलं. जोडलेला असताना हात पुरत नाही.

सोल्डर_सदाशिव
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर नानांचा ७८०५ वाचला असता.

तीन_वायरी
बोर्ड बहुधा ठणठणीत आहे. तुमच्या टीटीएलवर सीपी२१०२ चिप असेल तर ती पिन जेमतेम १०० मिलीअँपिअर देते, एफटी२३२ असेल तर ५०. रिकामं मोजलंत की ३.३ दिसणारच. बोर्ड बूट होताना, त्यातून वायफाय चालू होताना, एकदम जास्त ओढतो. व्होल्टेज क्षणभर बसतं आणि चिप पहिल्यापासून सुरू होते. मीटरला तो क्षण दिसतही नाही.

मोबाईलचा पाच व्होल्टचा चांगला चार्जर घ्या, त्यापुढे एएमएस१११७ रेग्युलेटर, ३.३ वाला. सुटा घेतलात तर पिनांचा क्रम ७८०५ सारखा नसतो, तयार छोटी पट्टी मिळते तीच घ्या. बोर्डाजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. टीटीएलची ३.३ ची वायर काढून टाका. टीएक्स (पाठवायची), आरएक्स (घ्यायची) आणि ग्राउंड एवढ्या तीनच ठेवा. ग्राउंड मात्र दोन्हीकडचं एकच हवं, नाहीतर स्क्रीनवर कचरा दिसेल.

कोथरूडचे_नाना
म्हणजे ७८०५ चाच धाकटा भाऊ.

तारांबळ (शनिवार, संध्याकाळी ६:०५)
झालं! पट्टी आणली, जोडली, एका दमात बूट झाला. चार्जरची वायर मात्र दोनदा बदलावी लागली, पहिली फारच बारीक होती. पण आता वायफायचं नावच दिसत नाही मोबाईलवर. बोर्ड गेला का?

सोल्डर_सदाशिव
ह्यांचा बोर्ड दर पाच मिनिटांनी जातो. आत सॉफ्टवेअर कुठलं टाकलंय?

तारांबळ
ओपनडब्ल्यूआरटी. त्याशिवाय काय टाकणार?

तीन_वायरी
त्यात वायफाय सुरुवातीला बंदच असतं. सीरियलवरून, म्हणजे त्याच तीन वायरींवरून, वायरलेसच्या फाईलमध्ये जा, डिसेबल्डच्या ओळीत एकच्या जागी शून्य करा, रीस्टार्ट करा. लगेच पासवर्डही घाला, आधी काहीच नसतो. घरच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर याचा बदला, यालाही सुरुवातीला तोच असतो.

तारांबळ
दिसलं! उद्या मीटिंगमध्ये दाखवतो.

हडपसर_लोकल
टाकीत सेन्सर कुठला लावलाय?

तारांबळ
सेन्सर?