मदत हवी आहे: हॅडनफील्डचा नकाशा जुळत नाहीये

'हॅलोविन' या भयपट-मालिकेतल्या हॅडनफील्ड या काल्पनिक गावाचा नकाशा काढायला घेतलाय आणि पुरता अडकलोय. कथेत गाव इलिनॉयमध्ये. पहिला भाग (१९७८) मात्र कॅलिफोर्नियात साउथ पॅसाडिनाला चित्रित झाला, तोही वसंतात. कथा पानगळीच्या दिवसांतली, म्हणून रंगवलेली पानं रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की गोळा करून पुन्हा वापरायची! तरी मागे ताडाची झाडं डोकावतातच. चौथा भाग (१९८८) युटात, २०१८ चा साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनमध्ये. मग गल्ल्या कशा जुळणार? खुनी मायकल मायर्सचं साधं दुमजली घर पाचव्या भागात तर चक्क वाडा होतं. पहिलाच भाग प्रमाण धरू का? नायिका लॉरीच्या घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता फ्रेम थांबवून कुणी टिपलाय का? निदान रस्त्यांच्या पाट्या तरी?