गव्हर्नरच्या बायकोला कोणी निवडून दिलं होतं?

अमळनेरकर: काल ओट्यावर झालेला वाद इथे मांडतो. १९७० साली जिमी कार्टर अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात गव्हर्नरपदाची निवडणूक लढवत होते. (तिकडचा गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा नेमत नाहीत, निवडून यावं लागतं.) त्यांच्या पत्नी रोझलिन पहाटे एका कापडगिरणीच्या दारात प्रचाराला उभ्या होत्या. रात्रपाळी सुटली. अंगावर कापसाचे तंतू चिकटलेली एक थकलेली बाई बाहेर आली. घरी मनोरुग्ण मुलगी, खर्च भागत नाही, म्हणून रात्रीचं काम. त्याच दिवशी रोझलिनबाई नवऱ्याच्या सभेत रांगेत उभ्या राहिल्या आणि त्यालाच विचारलं, अशा लोकांसाठी काय करणार? १९७१ मध्ये गव्हर्नर झाल्यावर कार्टरनी मानसिक आरोग्यासाठी आयोग नेमला, त्यात त्या होत्या. शिवाय इस्पितळात स्वयंसेवक म्हणून जात.

आम्ही प्रताप मिलच्या भोंग्यावर वाढलो. पाळीवरून आलेल्या माणसाच्या भुवयांवरचा कापूस मी जवळून पाहिलाय. मला ही खरी लोकसेवा वाटते.

तापीकाठ: दादा, मन चांगलं होतं, मान्य. पण निवडून नवरा आला आणि आयोगावर बायको बसली. आपल्याकडच्या सरपंचपतीला आपण का नावं ठेवतो? खुर्ची तिची, कारभार त्याचा म्हणून. मग इथे टाळ्या कशाला?

अमळनेरकर: सरपंचपती बाईच्या हातातला शिक्का काढून घेतो, भो. रोझलिनबाईंनी कोणाचा शिक्का घेतला? आयोगाचं काम शिफारस करणं, निर्णय गव्हर्नरचा.

चोपड्याची ताई: माझं ऐका. भावाला 'बाहेरचं लागलं' म्हणून दोन वर्षं भगताकडे नेलं. लिंबू, अंगारा, उतारे सगळं झालं. शेवटी ठाण्याला नेला. रात्रभर रेल्वेत त्याचं मनगट धरून बसले होते, डोळा लागला तर उतरून जाईल ही भीती. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, राज्याची जुनी मनोरुग्णालयं ही चार. खानदेशात एकही नाही. मोठ्या घरची एखादी बाई अशा वॉर्डात येऊन बसली असती, तर आमच्या आईनं चार वर्षं शेजाऱ्यांपासून आजार लपवला नसता.

तापीकाठ: ताई, तुम्ही भोगलंय, त्यापुढे मी काय बोलू. पण याचसाठी मला भीती वाटते. कार्टर राष्ट्राध्यक्ष झाल्यावर रोझलिनबाईंच्या पाठपुराव्यानं १९८० मध्ये मानसिक आरोग्याचा मोठा कायदा झाला. १९८१ मध्ये नवं सरकार आलं आणि त्यातलं बहुतेक सगळं रद्द केलं. आपला २०१७ चा कायदा सरकारी उपचार हा हक्क मानतो. तो आमदाराकडे, कलेक्टरकडे ठणकावून मागू या. कोणाच्या बायकोच्या मायेवर रुग्ण का अवलंबून राहावा?

अमळनेरकर: मागायलाच हवा. पण भगताच्या दारात बसलेल्या घराला हा हक्क आहे, हे कोण सांगणार? तिथे कायदा चालत जात नाही, माणूस जातो. तुमची एक गोष्ट पटली: अशा बाईचं काम काय, मुदत किती, खर्च कुठून, हे लेखी असावं.

चोपड्याची ताई: लेखी असू द्या, नसू द्या, कोणीतरी या. भाऊ आता गोळ्यांवर बरा आहे, यंदा कापूस वेचायला आला होता. गोळ्या मात्र दर महिन्याला मीच आणते. गावातल्या मेडिकलसमोर तो अजून थांबत नाही.