कवितेखाली बासरी कशाला?

पेठकर:
परवा शनिवारी पेठेतल्या एका छोट्या सभागृहात शब्द-सुरांची संध्याकाळ झाली. तीन नाटककार नव्या संहितेतला एकेक प्रवेश वाचणार, पाच कवी, सोबत गिटार, बासरी, तबला. तिकीट दोनशे. शंभरेक खुर्च्या आणि सगळ्या भरलेल्या. बघून बरं वाटलं.

मग एका लेखिकेने वाचायला घेतलं. दोन बहिणी, वाडा बिल्डरला द्यायचा की नाही यावर बोलतायत. धाकटी विचारते, "न्हाणीघरातला बंब कोण नेणार?" लेखिकेने पुढची कंसातली सूचना वाचली: दोघी गप्प. आणि बासरीवाले सुरू! अहो, गप्प म्हणजे गप्प. ती शांतता तिने लिहिली होती. कवितांचंही तेच. शेवटची ओळ कानात उतरायच्या आत गिटार. संगीत हवंच असेल तर मध्यंतरानंतर वेगळं ठेवा, शब्दांच्या अंगावर नको.

सिंहगडरोडवाली:
काका, माझी मुलगी एकोणीस वर्षांची. कविता म्हटलं की तोंड वाकडं करते. गिटार आहे म्हणून आली आणि जाताना एका कवयित्रीचा संग्रह घेऊन गेली, स्वतःच्या पैशांनी. नुसत्या काव्यवाचनाला आम्ही सात जण असतो, त्यात चार कवी आणि एका कवीची बायको. शिवाय गीतरामायण याच पुण्यातलं ना? १९५५-५६, पुणे आकाशवाणी, वर्षभरात ५६ गीतं. गदिमांचे शब्द घरोघरी गेले ते बाबूजींच्या चालींवर बसूनच.

पेठकर:
ताई, गदिमा ते गाण्यासाठीच लिहीत होते. मुक्तछंदातल्या कवितेचा ठेका तिच्या ओळीतच असतो, तिला बाहेरून कशाला द्यायचा? आणि गर्दीचंच म्हणाल तर विंदा, बापट, पाडगावकर तिघं मिळून गावोगाव कविता वाचत हिंडले. त्यांना ऐकायला लोक यायचे ते कवितेसाठी.

धा_तिरकिट:
त्या दिवशी तबल्यावर मी होतो, म्हणून बोलतो. कविता व्हॉट्सॲपवर आल्या दुपारी साडेतीनला, कार्यक्रम साडेसहाचा. नाटकाचे प्रवेश तर आलेच नाहीत. आयोजकांचा निरोप एवढाच, "मध्ये गॅप पडू देऊ नका." बाई थांबल्या, बासरीवाल्याला वाटलं गॅप पडली. त्याची काय चूक?
तरी संगीत वेगळं ठेवा हे मला पटत नाही. 'घाशीराम कोतवाल' १९७२ मध्ये याच शहरात उभं राहिलं. भास्कर चंदावरकरांचं संगीत त्यातून काढून बघा, काय उरतं ते. पण त्याच्यामागे तालमी होत्या. आम्हाला तीन तास, त्यातला एक साउंड चेकमध्ये गेला, कारण कवींचा माईक शिट्ट्या मारत होता.

पाचवा_कवी:
मी त्या पाचांतला. वादकांना पाकीट मिळालं, ते रास्तच. आम्हाला गुलाबाचं फूल आणि "व्यासपीठ मिळालं की तुम्हाला". दोनशेच्या तिकिटात आमचा वाटा शून्य. लोकांना वाटतं कविता काय, घरात बसून फुकट होते.
बासरीचं विचाराल तर मला चालली. माझा आवाज थरथरतो, तो झाकला गेला.

पेठकर:
पाकिटाचं ठाऊक नव्हतं, त्यात मी पूर्ण तुमच्या बाजूने. पण थरथरणारा आवाज झाकायचा कशाला? तोच तर ऐकायला आलो होतो.
धा_तिरकिट, तुमचं निम्मं मान्य. संहिता आठ दिवस आधी द्या, लेखकाला समोर बसवून तालीम करा, मग वाजवा. 'दोघी गप्प'वर मात्र तडजोड नाही.

धा_तिरकिट:
तिथे मीही हात मांडीवरच ठेवले होते, काका.

टिळकरोड_टू_व्हीलर:
इतकी चर्चा झाली आणि पार्किंगबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. पुण्यातला पहिलाच धागा असेल.

सिंहगडरोडवाली:
काढते ना! पार्किंग शोधण्यातच आमचा तो प्रवेश हुकला. मुलगी दोनदा विचारून झाली. बंब नेला कोणी शेवटी?

पेठकर:
मीही विचारलं जिन्यात. म्हणाल्या, पुढचा प्रवेश अजून लिहायचाय.