मदत हवी आहे: जुन्या मोटरहोमच्या डॅशबोर्डवरचे अनोळखी दिवे आणि खाली लोंबणाऱ्या तारा

लांबचापल्ला

नमस्कार मंडळी. गाडी ब्रिटनमधली आहे. २००४ची फियाट डुकाटो, २.८ जेटीडी डिझेल, उजवीकडे स्टिअरिंग, मागे चार बर्थचं घर. आधीच्या मालकांनी वेळोवेळी वायरिंगमध्ये भर घातलेली आहे. पुस्तक आहे ते मूळ व्हॅनचं. घराचा भाग बांधणाऱ्यांचा नकाशा मिळालेला नाही.

तक्रारी अशा:

किल्ली फिरवली की बॅटरीचा लाल दिवा मंदच लागतो. इंजिन सुरू झाल्यावरही तसाच राहतो आणि एकदा जोरात रेस केली की विझतो.

स्टिअरिंगच्या बाजूला नंतर बसवलेला एक केशरी दिवा आहे, त्यावर कसलंच चिन्ह नाही. इंजिन सुरू असताना तो कधी लागतो, सोबत बझर वाजतो, मग आपोआप बंद होतो. खड्ड्यातून गेल्यावर जास्त.

चालत्या गाडीत मागची बॅटरी चार्ज होत नाही आणि फ्रिजही १२ व्होल्टवर चालत नाही.

गाडी आठवडाभर उभी राहिली की पुढची बॅटरी बसते.

ड्रायव्हर सीटजवळ तीन पोझिशनचा एक स्विच आहे, नाव काही नाही. डॅशखाली तीन तारा मोकळ्या आहेत: कापलेली निळी, टेप गुंडाळलेली जाड लाल आणि टोकाला गोल थिंबल (स्क्रूखाली आवळायची धातूची कडी) असलेली पातळ तपकिरी.

मल्टिमीटर आहे, वापरता येतो. सुरुवात कुठून करू?

जुनाटेस्टर

आधी काय करायचं नाही ते. एकही तार कापू नका आणि "इथे लावून बघू" म्हणून कुठे टेकवू नका. बाहेरून घेतलेली २३० व्होल्टची जोडणी काढून ठेवा, नाहीतर चार्जर मागच्या बॅटरीला व्होल्टेज देत राहील आणि सगळी मापं फसवी येतील. पिवळ्या आवरणातल्या तारा एअरबॅगच्या असतात, त्यांना मीटरसुद्धा लावायचा नाही.

आता तारा ओळखणं. अशा गाडीत रंगावर विसंबून चालत नाही, कारण व्हॅनवाल्यांचे रंग वेगळे, घर बांधणाऱ्यांचे वेगळे आणि मधल्या मालकाने हाताला लागेल ती तार ओढलेली असते. तार ओळखायची ती तीन अवस्थांतल्या व्होल्टेजवरून: किल्ली बंद, किल्ली चालू पण इंजिन बंद, आणि इंजिन चालू. मीटरची काळी पिन थेट पुढच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा, जवळच्या पत्र्यावर नको. लांब पडत असेल तर एक मोकळी तार जोडून घ्या.

तिन्ही अवस्थांत १२च्या वर असेल तर ती कायमची लाइव्ह. फक्त किल्लीवर येत असेल तर इग्निशनची. इंजिन बंद असताना एक-दोन व्होल्ट आणि इंजिन सुरू झाल्यावर १३.५ ते १४.४ असेल, तर ती अल्टरनेटरची (इंजिनवर फिरणाऱ्या जनित्राची) डी प्लस, म्हणजे बॅटरीच्या लाल दिव्याला जोडलेली तार. पार्किंग लाइटबरोबर येत असेल तर डॅशच्या उजेडाची. कधीच काही येत नसेल तर ती अर्थ असेल, तुटलेली असेल किंवा कुठल्यातरी स्विचच्या पुढची असेल.

रिलेच्या (छोट्या करंटने चालणाऱ्या स्विचच्या) पायांजवळ आकडे कोरलेले असतात, ते जर्मन डीआयएन ७२५५२ पद्धतीचे. ३० म्हणजे कायमची लाइव्ह, १५ इग्निशन, ३१ अर्थ, ५० सेल्फ. ८५ आणि ८६ ही रिलेच्या कॉइलची टोकं, ८७ म्हणजे रिले ओढल्यावर जोडला जाणारा पाय. एवढं पाठ असलं की निम्मा गुंता सुटतो.

डिजिटल मीटरबद्दल एक सावधगिरी. तो जवळपास करंट घेतच नाही, त्यामुळे गंजून एका केसावर टिकलेली तारसुद्धा १२ व्होल्ट दाखवते. लाइव्ह वाटणाऱ्या जाड तारेवर इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब लावून बघा. बल्ब लागल्यावर व्होल्टेज कोसळलं तर तार किंवा जोड खराब आहे. मात्र इंजिन कंप्युटरकडे जाणाऱ्या पातळ तारांवर हा बल्ब अजिबात लावू नका.

हॅनोव्हरकर

लाल दिव्यापासून सुरुवात करा, बाकीच्या बऱ्याच गोष्टी त्याच तारेला लटकलेल्या असतात.

या काळातल्या डिझेल व्हॅनमध्ये तो दिवा नुसता इशारा देत नाही. इग्निशनचा करंट दिव्याच्या बल्बमधून डी प्लसवर येतो, तिथून अल्टरनेटरच्या ब्रशमधून (रिंगांवर घासणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांतून) रोटरमध्ये, म्हणजे आत फिरणाऱ्या कॉइलमध्ये जातो आणि रोटरला सुरुवातीचं चुंबकत्व देतो. रोटरचा रोध जेमतेम २ ते ४ ओहम, म्हणून इंजिन बंद असताना डी प्लस एक-दोन व्होल्टवर दबलेला राहतो आणि बल्ब लखलखीत लागतो. इंजिन फिरू लागलं की डी प्लस १४च्या आसपास जातो, बल्बच्या दोन्ही बाजूंना सारखं व्होल्टेज येतं आणि तो विझतो.

मोटरहोममध्ये हीच डी प्लस मागच्या बॅटरीचा रिले, फ्रिजचा रिले, पायरी आत घेणारा कंट्रोल आणि इंजिन चालू असताना घरातला १२ व्होल्टचा पुरवठा तोडणारा रिले या सगळ्यांना इशारा म्हणून दिलेली असते. १२ व्होल्टच्या साध्या रिलेची कॉइल ७० ते १०० ओहमची, म्हणजे प्रत्येकी सुमारे ०.१५ अँपिअर. त्यामुळे दिवा मंद लागला की सगळे या रिलेंना दोष देतात. पण नीट विचार करा: रिले रोटरला समांतर बसतात, म्हणजे त्यांच्यामुळे बल्बमधून जाणारा करंट वाढेल, कमी होणार नाही. इंजिन सुरू होण्याआधीच दिवा मंद असेल तर करंटची वाट पुढे कुठेतरी अडलेली आहे. बहुधा झिजलेले ब्रश, नाहीतर अल्टरनेटरवरचं गंजलेलं थिंबल. जोरात रेस केल्यावर दिवा विझतो, कारण रोटरमध्ये उरलेलं थोडंसं चुंबकत्व तेव्हा कामाला येतं.

किल्ली चालू, इंजिन बंद ठेवून डी प्लस दोन ठिकाणी मोजा: डॅशमागे आणि अल्टरनेटरच्या बोल्टवर. डॅशमागे जास्त आणि बोल्टवर जवळपास शून्य असेल तर दोष मधल्या तारेत. दोन्हीकडे सारखंच जास्त असेल तर ब्रश.

लांबचापल्ला

मापं घेतली. पुढची बॅटरी स्थिर असताना १२.५.

किल्ली चालू, इंजिन बंद: डी प्लस डॅशमागे ४.१, अल्टरनेटरवर ४.०. नंतर जोडलेली तार डी प्लसवरून काढून पाहिली, दिव्यात काही फरक नाही.

इंजिन २००० आरपीएमला: पुढची बॅटरी १४.२, डी प्लस १३.९, मागची बॅटरी १२.४. सीटखाली दोन रिले सापडले. दोन्हींच्या ८६वर १३.८ येतं, पण ८५वरसुद्धा १३.८च येतं.

लाल तार तिन्ही अवस्थांत १२च्या वर, बल्ब व्यवस्थित लागतो. निळीवर फक्त स्टिरिओ चालू केला की १२ येतात. तपकिरीवर कधीच काही नाही.

वायरमन_कोथरूड

८५ आणि ८६वर सारखंच व्होल्टेज म्हणजे कॉइलला अर्थ नाही. करंट जाणार कुठे? दोन्ही रिले एकदम मेलेत म्हणजे त्यांचा अर्थ एकच आहे आणि तो सुटलाय. ती थिंबलवाली तपकिरी तार तपासा. जर्मन पद्धतीच्या वायरिंगमध्ये तपकिरी म्हणजे अर्थ. दोन्ही बॅटऱ्या सोडवून ८५पासून त्या थिंबलपर्यंत कंटिन्युइटी (वाट सलग जोडलेली आहे का) बघा. बीप वाजला तर तीच. आसपास पत्र्यावर रिकामा स्क्रू किंवा गंजाचा गोल डाग असेल. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, नवं थिंबल क्रिम्प करा, खाली दातेरी वॉशर टाका, आवळा आणि वरून ग्रीस लावा. ग्रीस आधी लावू नका.

निळी तार स्टिरिओची अँटेना उचलायची किंवा अँटेनाच्या बूस्टरला करंट द्यायची. तिच्या टोकावर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा आणि विसरून जा. लाल तार मात्र सोडून चालणार नाही. फ्यूजशिवायची कायमची लाइव्ह तार टेपखाली लोंबते आहे, म्हणजे पत्र्याला घासली तर थेट आग. ती बॅटरीकडून कुठून निघते ते शोधा आणि नको असेल तर बॅटरीच्याच टोकाला सोडवा. हवी असेल तर बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज घाला, आकडा तारेच्या जाडीप्रमाणे: २.५ चौरस मिलिमीटरला २० अँपिअर, त्याहून जास्त नको.

डी प्लस दोन्हीकडे चार व्होल्ट, म्हणजे हॅनोव्हरकर म्हणतात तसे ब्रशच. पुष्कळ अल्टरनेटरमध्ये ब्रश आणि रेग्युलेटर एकाच डबीत असतात, मागचे दोन-तीन स्क्रू काढले की डबी बाहेर येते. ब्रश ५ मिलिमीटरपेक्षा कमी बाहेर दिसत असतील तर डबी बदला. त्याच वेळी रोटरच्या दोन तांब्याच्या रिंगांमधला रोध मोजा. २ ते ४ ओहम असेल तर रोटर ठीक. रिंगांवर खोल चर पडले असतील तर नवे ब्रशही लवकर झिजतील, मग अल्टरनेटर उतरवून रिंगा बदलून घ्यायच्या.

आणखी एक माप घ्याच. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टपर्यंत चालतं. तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने गिअरबॉक्स ते बॉडी जाणारी विणलेली अर्थ पट्टी आतून कुजते. वरून ती धडधाकट दिसते. पट्टी खराब असली की सेल्फचा करंट क्लच केबल, गिअर केबल अशा भलत्या वाटांनी परत जातो आणि डॅशवरचे नको ते दिवे लुकलुकतात. लगेच खात्री करायची असेल तर जंप लीड बॅटरीच्या निगेटिव्हपासून गिअरबॉक्सच्या बोल्टला लावून सेल्फ मारा. लुकलुक थांबली तर पट्टीच.

रेणुका_एम

केशरी दिवा आणि बझर बहुधा दाराच्या पायरीचा. पायरी बाहेर असताना गाडी हलू नये म्हणून इंजिन चालू झालं की हा इशारा येतो. पायरीच्या चौकटीत एक छोटा मायक्रोस्विच असतो, पायरी पूर्ण आत गेली की तो दाबला जातो. चिखल आणि मिठाने त्याची कळ अडकते, आणि खड्ड्यात पायरी किंचित सरकली तरी बझर वाजतो. इंजिन चालू ठेवून (हँडब्रेक लावून, न्यूट्रलला) दुसऱ्या कोणीतरी पायरी हाताने आत दाबून धरावी. दिवा विझला तर स्विच साफ करा, फटीतली माती काढा, सिलिकॉन स्प्रे मारा. घट्ट ग्रीस नको, त्यात पुन्हा वाळू बसते. दिवा तरीही विझत नसेल तर स्विचच्या दोन तारांची कंटिन्युइटी दाबून आणि सोडून बघा.

बझरची तार तोडून टाकायचा सल्ला काही जण देतात. कृपया तसं करू नका. बाहेर राहिलेली पायरी शेजारून जाणाऱ्या सायकलस्वाराच्या नेमकी नडगीच्या उंचीला असते.

जुनाटेस्टर

राहिला तीन पोझिशनचा स्विच. माझा अंदाज: मधल्या पायावर घराचं पॅनेल, एका बाजूला पुढची बॅटरी, दुसऱ्या बाजूला मागची, आणि मध्यावर सगळं बंद. तो पुढच्या बॅटरीवर राहिला असेल तर घरातल्या बारीकसारीक गोष्टी रात्रंदिवस इंजिनची बॅटरी खात असणार.

किल्ली काढा, दारं बंद करा, वीस-तीस मिनिटं थांबा. मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर घेऊन पुढच्या बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये सिरीजमध्ये जोडा. या स्थितीत सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. स्विच तिन्ही पोझिशनला ठेवून आकडा लिहा. ०.०५ अँपिअरच्या आत असेल तर निवांत.

लांबचापल्ला

स्विच एका बाजूला असताना ०.४१, मधे आणि दुसऱ्या बाजूला ०.०३. म्हणजे तुम्ही म्हणता तसंच.

तपकिरी तार ८५चीच निघाली. स्क्रूची जागा हँडब्रेकच्या खाली सापडली, साफ करून जोडली. आता इंजिन चालू असताना मागच्या बॅटरीवर १३.९ येतात आणि दोन्ही रिलेंचा टक आवाज ऐकू येतो. सेल्फ मारताना इंजिनचा अर्थ ०.६२ आला, नवी पट्टी मागवली आहे, ब्रशची डबीसुद्धा. पायरीचा स्विच मातीने भरला होता, साफ केल्यावर बझर थांबला.

दोन प्रश्न. फ्रिजच्या रिलेवर व्होल्टेज येतं, पण फ्रिजपाशी १०.९च दिसतं. आणि एमओटीला (ब्रिटनमधल्या वार्षिक गाडी तपासणीला) कुठला दिवा नडेल?

हॅनोव्हरकर

०.४१ अँपिअर म्हणजे दिवसाला जवळपास १० अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासाची बॅटरी आठवड्यात बसणारच. स्विच मागच्या बॅटरीवर ठेवा आणि पुढच्या बाजूच्या पोझिशनवर लाल टेप लावा.

फ्रिजचं: गॅस, २३० व्होल्ट आणि १२ व्होल्ट अशा तिन्हींवर चालणाऱ्या फ्रिजचा १२ व्होल्टचा हीटर १२० ते १७० वॉटचा, म्हणजे १० ते १४ अँपिअर सतत. रिले ते फ्रिज तार बारीक असेल तर तीन व्होल्ट वाटेतच जातात. वॉट व्होल्टेजच्या वर्गाने घटतात, म्हणून १४ऐवजी १०.९ मिळाले तर उष्णता साठ टक्क्यांवर येते. प्रत्येक टप्प्यावर व्होल्टेज ड्रॉप मोजा: रिलेच्या ३० ते ८७, फ्यूज होल्डरच्या दोन टोकांत, मग लाइव्ह तारेत, आणि फ्रिजच्या अर्थ तारेतही. ०.२च्या वर जिथे दिसेल तिथे काम आहे. फ्यूज होल्डरचं प्लॅस्टिक तपकिरी पडलं असेल तर आधी तो बदला. तार नवी ओढायची झाली तर दोन्ही तारा ६ चौरस मिलिमीटरच्या घ्या, फ्यूज २० अँपिअर. १२ व्होल्टवर हा फ्रिज गार राहतो, गरम फ्रिज गार होत नाही. निघायच्या आदल्या रात्री २३० व्होल्टवर किंवा गॅसवर गार करून घ्या.

इंजिन बंद केल्यावर फ्रिजचा रिले सुटतो का तेही पाहा. ८७वर व्होल्टेज राहिलं तर त्याचे काँटॅक्ट चिकटलेत, रिले बदला.

जुनाटेस्टर

एमओटीला एबीएस असेल तर त्याचा दिवा किल्लीवर लागून नंतर विझलाच पाहिजे. एअरबॅगचाही तसाच. इंजिनचा केशरी दिवा डिझेलमध्ये १ जुलै २००८पासून पहिल्यांदा वापरात आलेल्या गाड्यांनाच तपासतात, तुमची त्यात येत नाही. तरी तो पेटला तर कोड वाचून घ्या.

नवी अर्थ पट्टी बसवताना आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, शेवटी तीच लावा. ब्रश बदलल्यावर किल्ली चालू, इंजिन बंद ठेवून डी प्लस पुन्हा मोजा आणि आकडा इथे टाका. दोनच्या खाली यायला हवा.